जुनी जपानी गाडी आणि नाशिकचे रस्ते: कामांचा क्रम कसा लावायचा

जुनी होंडा सिटी व्हीटेक किंवा मित्सुबिशी सेडिया दारात आली की पहिल्या महिन्यात बहुतेक पोरं दोनच वस्तू आणतात: उघडा एअर फिल्टर आणि घुमणारा सायलेन्सर. आवाज वाढतो, गाडी होती तशीच राहते. पोळ्याला शिंगं रंगवण्याआधी शेतकरी बैलाची खुरं बघतो, तसं इथेही आधी खाली वाकून बघावं लागतं. हा लेख नवख्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांना पाना धरता येतो पण ज्यांनी इंजिन कधी खोललेलं नाही त्यांच्यासाठी.

डोळ्यासमोर ठेवलेल्या गाड्या आपल्याकडे शोरूममधून विकल्या गेलेल्याच आहेत: २००३ पर्यंतची होंडा सिटी १.५ व्हीटेक, १९९९ ते २००७ या काळातली मारुती बलेनो, मित्सुबिशी लान्सर, तिच्यानंतर २००६ मध्ये आलेली सेडिया आणि २००६ ते २०१३ मधली सिव्हिक. बाहेरून आणलेल्या टर्बो गाड्यांचं गणित वेगळं, आणि त्यांना लागणारा खिसाही वेगळा.

पैसे घालण्याआधी कागद

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं, त्यासाठी पेठ रोडच्या आरटीओत गाडी तपासणीला न्यायची. गाडी २० वर्षांवरची असेल तर ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर कारच्या नूतनीकरणाची मूळ फी १०,००० रुपये आहे, शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. हा खर्च कामांच्या वहीत पहिल्याच ओळीवर लिहा. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. तपासणीला काय काय लागतं बघा: ब्रेक, लाइट, टायर, पीयूसी, नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. यातली निम्मी कामं तुम्हाला तशीही करायचीच आहेत, तेव्हा ती तारखेच्या आधी बसवली की एकाच खर्चात दोन्ही उरकतं.

दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध असल्यामुळे तिकडून स्वस्तात चांगली व्हीटेक मिळते, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. मिळतेही. पण तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि इथे नाशिकचा एमएच-१५ नंबर घेताना महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो हे भावात धरा.

फेरफारांबद्दलचा कायदा पोरांना वाटतो त्यापेक्षा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. मालकाने तसे बदल केले तर दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी, रंग बदलायचा तर आरसी बुकात नोंद. त्याच मापाचे चांगले ब्रेक पॅड, चांगले शॉकॲब्सॉर्बर, नवे रबर बुश यांना मात्र कोणीच हरकत घेत नाही. गंमत अशी की गाडी सगळ्यात जास्त सुधारते ती याच कामांनी.

पहिला महिना: फक्त तपासणी

इंजिन गार असताना सुरू करा आणि कोणाला तरी मागे उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. उतारावर पाय उचलून गाडी सोडली आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर धुराचा लोट आला तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेत. जोर देताना सतत धूर येत असेल तर संशय पिस्टन रिंगांवर. पांढरा, गोडसर वासाचा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय. हिवाळ्यात सकाळी दोन मिनिटं निघणारी वाफ यात धरू नका.

मग कम्प्रेशन चाचणी, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजणं. ती इंजिन गरम असताना, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून करायची. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का हे आधी बघा; सिटीच्या इंजिनात दोन सिलिंडरमधला फरक साधारण दोन किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) वर गेला तर कारण शोधायचं. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. प्रेशर चढलं तर रिंगा झिजल्यात. होतं तिथेच राहिलं तर व्हॉल्व्ह. ही दहा मिनिटांची परीक्षा ओव्हरहॉलिंगचा, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून करण्याचा, निर्णय सोपा करते. 'इंजिन करावं लागेल' असं कोणी नुसतं आवाज ऐकून सांगितलं तर त्याच्याकडून आधी हे आकडे मागा.

आकडे वाचताना एक लक्षात असू द्या: नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी असतो. त्यामुळे कम्प्रेशनचे आकडे थोडे खाली येतात आणि टर्बो नसलेलं इंजिन तितकीच कमी ताकद देतं. कल्याणच्या मित्राची तीच गाडी जास्त ओढते म्हणून तुमच्या गाडीत बिघाड असेलच असं नाही.

पुढे गाडी लिफ्टवर घ्या. लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, फाटलेत का, बॉल जॉइंट हलतो का, स्टिअरिंग रॅकचे रबर बूट शाबूत आहेत का, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे ऑइल ओलं आहे का, जॅकच्या जागा आणि दारांखालच्या पत्र्याची कड गंजली आहे का, हे सगळं फोटोसकट नोंदवा. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात राहिलेली गाडी असेल तर गंजाला जास्त वेळ द्या. पत्रा गेला असेल तर बाकीची यादी करायच्या आधीच थांबून विचार करा, कारण इंजिन मिळतं, शेल (गाडीचा पत्र्याचा सांगाडा) मिळत नाही.

यादी खोलायच्या जागेप्रमाणे करा

इथे नवखे सगळ्यात जास्त पैसे घालवतात. ते यादी वस्तूंची करतात: टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच, ऑइल सील. प्रत्येक वस्तूसाठी गाडी वेगळी गॅरेजात जाते आणि तीच जागा तीनदा खोलली जाते. जुन्या गाडीत मजुरी अनेकदा सामानापेक्षा जड पडते. म्हणून यादी जागेप्रमाणे लावा. एखादी जागा उघडली की तिथलं जे काही रबर, सील आणि बेअरिंग आहे ते त्याच वेळी बदलायचं, चालतंय असं वाटलं तरी.

टायमिंग बेल्टची बाजू घ्या. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) सील आणि क्रँकचं (पिस्टन फिरवतात त्या दांड्याचं) पुढचं सील हे एकच काम. सिटीच्या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, त्यामुळे आधीच्या मालकाकडे बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं समजून चाला. 'भाऊ, आत्ताच टाकलाय' याला बिल म्हणत नाहीत. बेल्ट किलोमीटरवरच नाही तर वयानेही कडक होतो. त्यात या जुन्या होंडांचं क्रँक पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. टेन्शन लावताना मिस्त्रीने सवयीने सुलट फिरवलं तर बेल्ट सैल राहू शकतो. पुलीचा बोल्टही हट्टी असतो, त्यासाठी पुली धरायचं टूल आहे का हे काम देण्याआधीच विचारा. सिव्हिकच्या १.८ इंजिनात बेल्ट नाही, चेन आहे. तिथे हा खर्च वाचतो, पण ऑइल वेळेवर बदललेलं नसेल तर चेन ताणलेली निघू शकते.

क्लचची बाजूही तशीच. गिअरबॉक्स खाली उतरला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील एकदमच. फ्लायव्हील (क्लच जिच्यावर दाबतो ती जड चकती) लेथवर फेस, म्हणजे सपाट, करून घ्यायचं. या बाबतीत आपण नाशिककर नशीबवान: अंबड आणि सातपूरच्या एमआयडीसीत ग्राइंडिंग आणि टर्निंग करणारे भरपूर आहेत. हेडचा फेस मारायचा असो की अडकलेला स्टड काढायचा असो, गॅरेजवाल्याला 'कुठे करून घेता?' असं विचारा आणि जमलं तर स्वतः जा. हेडचा फेस किती मारला ते लिहून घ्या.

टॅपेट कव्हर उघडलं की गॅस्केट, प्लगच्या नळ्यांची सीलं आणि टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं. होंडांत हे सेटिंग हाताने करायचं असतं आणि इंजिन पूर्ण गार हवं. संध्याकाळी गाडी सोडून सकाळी काम करून घ्यावं. व्हीटेक म्हणजे वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा; तिला ऑइल सोडणाऱ्या विजेच्या झडपेखाली (सोलेनॉइड) बारीक जाळी असते. ती गाळाने भरली किंवा ऑइल कमी असलं तर वरच्या आरपीएमला येणारा तो दुसरा श्वास येतच नाही, आणि लोक महागडे सेन्सर बदलत बसतात. सोलेनॉइडचं गॅस्केट कडक होऊन ऑइल गळणं हेही या वयाला नेहमीचं.

त्या काळच्या होंडांची अजून एक खोड: उन्हात उभी केलेली गाडी सेल मारते पण सुरू होत नाही, आणि संध्याकाळी मुकाट्याने सुरू होते. चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाची दोन सेकंदांची घरघर ऐकू आली नाही तर डॅशबोर्डखालचा मेन रिले बघा. आतल्या सोल्डरच्या टाक्याला तडा गेलेला असतो, गरम झाला की संपर्क सुटतो. चांगला वायरमन पुन्हा टाका मारून देतो.

थंड ठेवणं

ताकद वाढवायच्या गप्पा मारणाऱ्याला मी एकच विचारतो: एप्रिलमध्ये दुपारी एसी लावून कसारा घाट चढलास का? मुंबईहून परतताना तो चढ म्हणजे कूलिंगची खरी परीक्षा, आणि ती शंभर टक्के फुकट.

रेडिएटर बाहेर काढून साफ करून घ्या, किंवा पत्री फुटायला लागली असेल तर नवा टाका. वरचा-खालचा होज पाइप आणि हीटरचे बारीक पाइप एकाच वेळी बदला. रेडिएटरचं झाकण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित: ते दाब धरतं म्हणून कूलंट शंभर अंशांवरही उकळत नाही. पंख्याचा स्विच योग्य तापमानाला पंखा लावतो का ते एसी बंद ठेवून बघा. कूलंट तयार मिसळलेलं घ्या, किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी टाकलं तर आत क्षार बसतात.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. गाडी तापते म्हणून तो 'काढून फेकायची' सवय आपल्याकडे फार जुनी. त्याने तापण्याचं मूळ कारण लपतं. इंजिन नीट गरम होत नाही, ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) वाटतं गाडी अजून गारच आहे, म्हणून तो जास्त पेट्रोल पाजत राहतो. ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं, सिलिंडरची आतली भिंत झिजते. जुनी गाडी घेतली की थर्मोस्टॅट जागेवर आहे का हे पहिल्याच आठवड्यात तपासा. हायवेला काटा सतत खाली राहत असेल तर तो नाही असं समजा.

टेम्परेचरचा काटाही भोळेपणाने वाचू नका. बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या पट्ट्यात मधेच थांबलेला असतो. हलला तेव्हा उशीर झालेला असतो. घाटात हलला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या. झाकण उघडू नका, गरम इंजिनवर गार पाणी ओतू नका. ॲल्युमिनियमचं हेड वाकायला तेवढं पुरतं.

पेट्रोल आता वेगळं आहे

या गाड्या बनल्या तेव्हा पंपावर २० टक्के इथेनॉल नव्हतं. इथेनॉल जुने रबर पाइप आणि सीलं फुगवतं, कडक करतं. टाकीतला साठलेला मळही सोडवतं, म्हणून पहिल्यांदा फ्युएल फिल्टर लवकर चोंदतो. काम साधं: फिल्टर बदला, टाकीपासून इंजिनपर्यंतचे सगळे रबरी तुकडे इथेनॉल चालणाऱ्या प्रतीचे घ्या, इंजेक्टरचे ओ-रिंग त्याच वेळी. पेट्रोलचा वास येत असेल तर ते काम उद्यावर टाकू नका. गाडी आठवड्यातून एकदाच निघत असेल तर टाकी फार रिकामी ठेवू नका, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि पावसाळ्यात इथल्या हवेत तो भरपूर असतो.

ट्यूनिंगच्या दृष्टीने एक बारीक गोष्ट. हळू चालताना ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सांभाळून घेतो. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की जुना ईसीयू सेन्सरकडे बघत नाही, आपल्या ठरलेल्या तक्त्यानेच पेट्रोल देतो, आणि या पेट्रोलला ते थोडं अपुरं पडतं. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं म्हणून नॉकिंगची (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकण्याची) भीती कमी, तरी एअर-फ्युएल रेशो (हवा-पेट्रोलचं प्रमाण) मोजल्याशिवाय इनटेक-एक्झॉस्टला हात लावू नये असं माझं मत आहे.

थांबणं आणि वळणं

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, कारण ते पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं कोरं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शिरल्यावर ही हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते. कसारा उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच आलात तर पेडल मऊ का होतं याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. उरलेलं उत्तर तुमच्या गिअरमध्ये: चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरात उतरा. डिस्क लेथवर मारून घेण्याआधी तिच्यावर कोरलेली किमान जाडी वाचा. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिना गंजलेल्या असतात, त्या साफ करून ग्रीस लावला की अर्धा ब्रेक परत येतो. पुढे-मागे चांगले पॅड आणि ताजं ऑइल एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. मोठे कॅलिपर नंतरचे.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुन्या गाडीबरोबर आलेल्या टायरची नक्षी छान दिसते, कारण गाडी चाललीच नाही, पण रबर लाकूड झालेलं असतं. समृद्धीवर काँक्रीटच्या उन्हात अशा टायरवर जाऊ नका.

सस्पेन्शनमध्ये आधी बुश, मग शॉकॲब्सॉर्बर, मग व्हील अलाइनमेंट. उलट केलं तर अलाइनमेंटचे पैसे वाया. काम झाल्यावर द्वारकाच्या उड्डाणपुलावर ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं का बघा. गाडी खाली बसवायची हौस असेल तर सिंहस्थाच्या तयारीत उकरलेले रस्ते आणि आपल्या कॉलन्यांचे हौशी स्पीडब्रेकर एकदा आठवा. सिव्हिकचं पोट तर कंपनीनेच बनवलेल्या उंचीवर घासतं.

आणि शेवटी ताकद

सिटी व्हीटेक १०६ अश्वशक्तीची होती. आज तुमची किती देते? नवे प्लग, वायर, फिल्टर, बरोबर टॅपेट, बरोबर इग्निशन टायमिंग, धड कम्प्रेशन आणि न अडकणारे ब्रेक एवढ्यावर हरवलेल्या ताकदीतली बरीच परत मिळते. याला लोक रिपेअर म्हणतात. माझ्या लेखी हाच सगळ्यात स्वस्त अपग्रेड. बॉनेटखाली उघडा फिल्टर लावला तर तो इंजिनची गरम हवा ओढतो, आणि गरम हवा पातळ असते. कंपनीचा बंद डबा आणि बाहेरून हवा घेणारी नळी आपल्या उन्हात सरस. वजन कमी करायचं तर डिक्कीतल्या सबवूफरपासून सुरुवात करा.

विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलांवर दावा अडू शकतो, हेही इथेच लिहून ठेवतो.

सामान आणि मिस्त्री

भाग मागवताना गाडीचं नाव सांगू नका, चॅसिस नंबर आणि पार्ट नंबर द्या. 'बलेनो' म्हटलं की दुकानदार २०१५ नंतरच्या हॅचबॅकचं सामान काढतो. 'सिटी' म्हटलं की पाच पिढ्या समोर येतात. होंडाच्या पार्ट नंबरात तीन तुकडे असतात: पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात, मधली तीन अक्षरं तो मुळात कोणत्या मॉडेल किंवा इंजिनसाठी बनला ते. त्या मधल्या तुकड्यावरून तोच भाग दुसऱ्या कोणत्या होंडाला बसतो याचा माग काढता येतो. कंपनीचा डबा मिळाला नाही तर तोच भाग बनवणाऱ्याचं नाव शोधा: प्लग एनजीकेचे, वॉटर पंप आयसिनचा, क्लच एक्सेडीचा, शॉकॲब्सॉर्बर केवायबीचे, बेअरिंग एनएसके किंवा कोयोचे. मित्सुबिशीवाल्यांनी बॉडीचे भाग आणि काचा दिसतील तेव्हा घेऊन ठेवाव्यात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनं सामान मिळतं. तिथून इलेक्ट्रिकल आणि ट्रिम (आतबाहेरचे सजावटीचे तुकडे) आणा. ब्रेक, बेल्ट आणि रबर कधीच वापरलेलं घेऊ नका.

बजेट लावताना शंभरातले तीस रुपये बाजूला ठेवा. जुनी जागा उघडली की आत काहीतरी निघतंच. तीन रकाने करा: गाडी रस्त्यावर धोकादायक करणारं, गाडी बंद पाडणारं, आणि हौसेचं. पहिल्या दोन रकान्यांतलं सगळं खोडलं जाईपर्यंत तिसऱ्याला हात नाही.

वेळापत्रक हवामानाने लावा. कूलिंग आणि एसी होळीच्या आधी. टायर, वायपर, दारांची रबरं आणि खालचा गंजरोधक थर मे महिन्यात, पत्रा कोरडा असताना. बेल्ट, क्लच अशी गाडी आठ-दहा दिवस उभी ठेवणारी कामं पावसाळ्यात, तेव्हा तशीही फिरायला मन होत नाही. सस्पेन्शन आणि हौसेची कामं दिवाळीनंतर, कारण चाचणीसाठी वणी-सापुतारा रस्ता तेव्हाच सगळ्यात छान असतो.

मिस्त्री निवडताना गॅरेजची चकाचक फरशी बघू नका. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) आहे का, आणि तो हेड बोल्टला वापरतो का, हे बघा. काम देताना वहीतलं पान त्याच्यासमोर ठेवा, काढलेले जुने भाग पिशवीत परत मागा, आणि 'दादा, अजून काय दिसलं?' हे न विसरता विचारा. गाडीखाली जाऊन आलेल्या माणसाला तुमच्या यादीत नसलेलं एखादं तरी काम दिसलेलं असतं. ते किलोमीटर आणि तारखेसकट लगेच लिहून घ्या, आणि पहिल्या ५०० किलोमीटरनंतर उघडलेली प्रत्येक जागा गळतीसाठी पुन्हा दाखवून आणा.